विश्लेषण : शपथ आधी की पिटिशन आधी? अमेरिकी नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर जोडीदाराचा अर्ज कधी करावा?

ग्रीन कार्ड मिळून तीन-चार वर्षे झाली, दरम्यान भारतात येऊन लग्न झाले आणि आता नागरिकत्वाचा अर्ज भरण्याची वेळ जवळ आली. अमेरिकेतील अनेक मराठी घरांत या टप्प्यावर एकच प्रश्न विचारला जातो : पत्नीसाठी किंवा पतीसाठी इमिग्रेशनची पिटिशन आत्ताच दाखल करायची, की आधी नागरिकत्वाची शपथ होऊ द्यायची? ‘नागरिक झालास की तिचं काम झटपट होईल, थोडं थांब,’ असा सल्ला नातेवाईक आणि मित्र हमखास देतात. तो ऐकायला बरोबर वाटतो, पण बहुतेक प्रकरणांत त्यामुळे वेळ वाचत नाही, उलट वाया जातो. काही प्रकरणांत मात्र थांबण्यातच शहाणपण असते. फरक नेमका कुठे पडतो, हे समजण्यासाठी कायद्याची रचना पाहावी लागेल.

दोन दर्जे, दोन रांगा

अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या पती किंवा पत्नीला कायमस्वरूपी तिथे बोलावण्यासाठी ‘आय-१३०’ नावाचा अर्ज करायचा असतो. यालाच पिटिशन म्हणतात. ती यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे जाते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक हे दोघेही हाच अर्ज भरतात, शुल्कही तेच असते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ऑनलाइन अर्जासाठी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर लागतात. फरक पडतो तो अर्ज मंजूर झाल्यानंतर.

नागरिकाचा जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’, म्हणजे निकटचा नातेवाईक ठरतो. नागरिकाची २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि सज्ञान नागरिकाचे आईवडील हेही याच गटात येतात. या गटाला वार्षिक मर्यादा नाही. पिटिशन मंजूर झाली की व्हिसा क्रमांकासाठी थांबावे लागत नाही.

ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार मात्र ‘एफ-२ए’ या प्राधान्य श्रेणीत येतो आणि या श्रेणीला कोटा आहे. कौटुंबिक दुसऱ्या श्रेणीसाठी वर्षाला साधारण १ लाख १४ हजार २०० व्हिसा ठरवलेले असून त्यातील ७७ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार एफ-२ए साठी असतात. जगभरातून त्याहून जास्त मागणी आली की रांग लागते. रांगेतील क्रमांक ठरतो तो पिटिशन दाखल झालेल्या तारखेवरून. तिला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात.

भारतीयांच्या दृष्टीने एक दिलासा आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या ईबी-२ आणि ईबी-३ श्रेणींत भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब गेली आहे, कारण तिथे प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. एफ-२ए मधील तीन चतुर्थांश व्हिसांना ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे या श्रेणीत भारतीयांची तारीख सहसा बहुतेक जगाच्या बरोबरीनेच चालते.

रांग सारखी नसते

अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ जाहीर करते. आपली प्रायॉरिटी डेट बुलेटिनमधील तारखेच्या आधीची असेल, तरच व्हिसा मिळू शकतो. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात एफ-२ए श्रेणी ‘करंट’ होती, म्हणजे रांगच नव्हती. त्या वर्षांत ग्रीन कार्डधारकाची पत्नी आणि नागरिकाची पत्नी यांच्या प्रतीक्षेत व्हिसा क्रमांकामुळे फरक पडत नव्हता. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये पुन्हा कट-ऑफ तारीख आली आणि रांग परत सुरू झाली.

‘थांबावे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच शेजारच्याच्या अनुभवावरून काढता येत नाही. २०२१ मध्ये ज्याची पत्नी लवकर आली आणि २०२४ मध्ये ज्याची पत्नी अडकली, त्या दोघांचा कायदा एकच होता. फक्त महिना वेगळा होता.

पिटिशन आधी दाखल केली तर ती वाया जाते का?

जात नाही, आणि ‘आधी शपथ’ म्हणणाऱ्यांच्या सल्ल्यातून नेमकी हीच बाब सुटते. ग्रीन कार्डधारकाने एफ-२ए मध्ये पिटिशन दाखल केली आणि ती प्रलंबित असताना किंवा मंजूर झाल्यावर तो नागरिक झाला, तर तीच पिटिशन शपथेच्या दिवसापासून निकटच्या नातेवाइकाच्या गटात जाते. बोलीभाषेत याला ‘अपग्रेड’ म्हणतात. नवा अर्ज करावा लागत नाही, नवे शुल्क भरावे लागत नाही आणि आधी गेलेला वेळ हिशेबात राहतो.

मात्र कायद्याने दर्जा बदलला, तरी संबंधित कार्यालयाला ते कळवावे लागते. फाइल यूएससीआयएसकडे असेल तर पावती क्रमांकासह नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत तिथे पाठवायची. पिटिशन मंजूर होऊन फाइल ‘नॅशनल व्हिसा सेंटर’कडे गेली असेल तर तिथल्या ऑनलाइन चौकशी फॉर्ममधून कागद जोडायचा. फाइल मुंबईच्या वाणिज्य दूतावासापर्यंत पोहोचली असेल तर दूतावासाला कळवायचे. हे कळवले नाही, तर रांगेची गरज संपलेली असतानाही फाइल महिनोन्महिने जुन्या रांगेत पडून राहू शकते.

हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो?

समजा, पुण्याच्या एका तरुणाला १० जून २०२१ रोजी ग्रीन कार्ड मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे लग्न झाले. नागरिकत्वासाठी साधारणतः पाच वर्षांचा निवास लागतो, पण ‘एन-४००’ हा अर्ज पाच वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी भरता येतो. म्हणजे तो १२ मार्च २०२६ पासून अर्ज करू शकतो. त्यानंतर बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजी व नागरिकशास्त्राची चाचणी आणि शेवटी शपथ. ही शपथ ऑक्टोबर २०२६ मध्ये झाली असे धरू.

पहिला पर्याय : त्याने जानेवारी २०२५ मध्येच पत्नीसाठी पिटिशन दाखल केली. शपथेच्या दिवशी ती पिटिशन २१ महिने जुनी असेल. ती मंजूर झालेली असली, तर फाइल थेट व्हिसा शुल्क, कागदपत्रे आणि मुलाखतीकडे जाते. मंजूर झालेली नसली, तरी तपासणीतला बराचसा काळ मागे पडलेला असतो. मधल्या काळात एफ-२ए ची तारीख पुढे सरकली, तर शपथेची वाट न पाहताही पत्नीला व्हिसा मिळू शकतो.

दुसरा पर्याय : तो ऑक्टोबर २०२६ पर्यंत थांबला आणि नागरिक झाल्यावर पिटिशन दाखल केली. त्याला रांग नाही, पण यूएससीआयएसची तपासणी, नॅशनल व्हिसा सेंटरची कागदपत्रे आणि मुलाखतीची तारीख हे तिन्ही टप्पे शून्यापासून सुरू होतात.

दोन्ही पर्यायांत खर्च सारखाच आहे. पहिल्या पर्यायात जास्तीचे काम एकच, शपथेनंतर एक प्रमाणपत्र पाठवायचे. नागरिकत्व आणि पिटिशन ही दोन कामे एकामागून एक न करता एकाच वेळी चालवता येतात. पत्नी भारतात असेल आणि शपथ काही महिन्यांहून अधिक दूर असेल, तर म्हणूनच लवकर दाखल करणे बहुधा फायद्याचे ठरते.

मुले असतील तर सावध

अपग्रेडच्या या सोयीला एक काटा आहे आणि तो मुलांच्या बाबतीत बोचतो. एफ-२ए श्रेणीत जोडीदाराच्या एकाच पिटिशनवर २१ वर्षांखालील अविवाहित मुलेही येऊ शकतात. त्यांना ‘डेरिव्हेटिव्ह’, म्हणजे मुख्य लाभार्थ्यावर अवलंबून असलेले लाभार्थी म्हणतात. निकटच्या नातेवाइकांच्या गटात ही सोय नाही. तिथे प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र पिटिशन लागते.

परिणामी, वडिलांनी शपथ घेताच आईची फाइल पुढे सरकते आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलाची फाइल मात्र उरतच नाही. मुंबईतील मुलाखतीची तयारी सुरू असताना हे लक्षात आले, तर मुलासाठी नव्याने पिटिशन दाखल करून पुन्हा सगळे टप्पे पार करावे लागतात. आईने एकटीने जायचे की मुलासाठी मागे राहायचे, हा पेच कुटुंबासमोर उभा राहतो. स्पॉन्सरने नागरिकत्वाचा अर्ज केला असेल किंवा लवकरच करणार असेल, तर सुरुवातीलाच प्रत्येक मुलासाठी वेगळी आय-१३० दाखल करणे हा यावरचा उपाय आहे. प्रत्येक मुलामागे एक शुल्क जास्त जाते, पण शपथेनंतर सगळ्यांच्या फाइली बरोबरीने पुढे जातात.

सावत्र मुलांसाठीही पिटिशन करता येते. मात्र ज्या लग्नामुळे हे नाते जुळले, ते मूल १८ वर्षांचे होण्यापूर्वी झालेले असले पाहिजे. पुनर्विवाहाच्या प्रकरणांत ही तारीख आधी तपासावी लागते.

मूल २१ च्या जवळ असेल तर वेळेचे महत्त्व आणखी वाढते. मुलाची स्वतंत्र पिटिशन आधीच दाखल असेल, तर पालकाने शपथ घेतली त्या दिवशीचे वय गोठवले जाते. त्या दिवशी मूल २१ वर्षांखालील आणि अविवाहित असेल, तर पुढे मुलाखतीला कितीही काळ लागला तरी वयामुळे ते बाद होत नाही. पालक नागरिक झाल्यानंतर पिटिशन दाखल केली, तर ती दाखल झालेल्या दिवशीचे वय धरले जाते. विसाव्या वर्षातील मुलासाठी काही आठवड्यांचा उशीरही महाग पडू शकतो.

थांबणे केव्हा योग्य?

शपथेची तारीख हातात आली असेल आणि ती दोन-चार आठवड्यांवर असेल, तर थांबून नागरिक म्हणून अर्ज करणे सरळ पडते. त्यामुळे दर्जा बदलल्याचे कळवण्याचा टप्पा वाचतो आणि गमावलेला वेळ नगण्य असतो. येथे एक सूचना आवश्यक आहे. एन-४०० ची मुलाखत उत्तीर्ण होणे किंवा अर्ज मंजूर होणे म्हणजे नागरिकत्व नव्हे. शपथ घेईपर्यंत ती व्यक्ती ग्रीन कार्डधारकच असते. त्यामुळे मंजुरी आणि शपथ यांच्यामध्ये भरलेल्या आय-१३० मध्ये स्वतःला नागरिक म्हणवून घेता येत नाही.

दुसरी परिस्थिती व्हिसाशी संबंधित आहे. भारतातील जोडीदाराला पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाऊन यायचे असेल किंवा विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसा घ्यायचा असेल, तर दाखल झालेली पिटिशन अडथळा ठरते. या व्हिसांसाठी परत येण्याचा इरादा दाखवावा लागतो आणि आय-१३० हा तर कायम राहण्याच्या इराद्याचा लेखी पुरावाच असतो. व्हिसा अर्जात त्याविषयी थेट प्रश्न असतो आणि खोटे उत्तर देणे हे पुढच्या सगळ्या प्रक्रियेवर पाणी सोडण्यासारखे आहे. एच-१बी आणि एल-१ व्हिसांना मात्र ही अडचण नाही. कायदा त्यांना दुहेरी इराद्याची मुभा देतो.

जोडीदार अमेरिकेतच असेल तर

पती-पत्नी दोघेही अमेरिकेत असतील, तर देश न सोडता ‘आय-४८५’ अर्जाने ग्रीन कार्ड घेता येते. नागरिकाचा जोडीदार आय-१३० आणि आय-४८५ हे दोन्ही अर्ज एकाच वेळी भरू शकतो. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र बुलेटिनमधील तारीख येईपर्यंत आय-४८५ भरता येत नाही आणि तोपर्यंत स्वतःचा वैध व्हिसा दर्जा टिकवावा लागतो.

येथे मोठी तफावत आहे. नागरिकाचा जोडीदार रीतसर तपासणी होऊन देशात आला असेल, तर नंतर मुदत उलटून राहिल्याबद्दल किंवा परवानगीशिवाय काम केल्याबद्दल त्याचा आय-४८५ सहसा अडत नाही. एफ-२ए मधील जोडीदाराला ही सवलत नाही. एच-१बी वरील पत्नीची नोकरी गेली किंवा एफ-१ वरील पतीचे शिक्षण संपले आणि दर्जा संपुष्टात आला, तर एफ-२ए ची तारीख आली तरी अर्ज अडतो. मग शपथेची वाट पाहण्यावाचून मार्ग राहत नाही.

अशा स्थितीत घाबरून देश सोडणेही धोक्याचे असते. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले असताना बाहेर पडल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले असल्यास दहा वर्षे परत येण्यास बंदी लागू होते. पिटिशन दाखल झाल्याने राहण्याचा किंवा काम करण्याचा कोणताही हक्क आपोआप मिळत नाही, हा गैरसमजही अनेकांना महागात पडतो.

नागरिकत्वच लांबले तर?

‘आधी शपथ’ या सल्ल्यात एक गृहीतक लपलेले असते, ते म्हणजे शपथ वेळेवर होईलच. एन-४०० मध्ये मागच्या पाच वर्षांचा सगळा हिशेब तपासला जातो : कर, अटक वा गुन्हे, परदेशातील मुक्काम. पाच वर्षांत किमान ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष वास्तव्य लागते. एका वेळी सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सलग निवास खंडित झाल्याचे धरले जाते आणि तसे नसल्याचे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. एक वर्ष बाहेर राहिल्यास निवास खंडितच होतो.

पत्नी भारतात असलेल्या माणसाला हा नियम नेमका तिथेच पकडतो. कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली म्हणून कोल्हापुरात किंवा ठाण्यात सात-आठ महिने राहणाऱ्याचे नागरिकत्व त्यामुळे पुढे ढकलले जाऊ शकते. ही काळजी अर्ज भरेपर्यंतच नव्हे, तर शपथ होईपर्यंत घ्यावी लागते. पिटिशन आधी दाखल केलेली असेल, तर अशा वेळी किमान एफ-२ए रांगेतील जागा शाबूत राहते. एन-४०० फेटाळला गेला तरी, ग्रीन कार्ड कायम असेपर्यंत, पिटिशनला धक्का लागत नाही.

याच्या उलट, केवळ रांगेवर विसंबून नागरिकत्व लांबवणेही योग्य नाही. कोविडच्या काळात अमेरिकी अध्यक्षांनी काढलेला आदेश २३ एप्रिल २०२० पासून लागू झाला आणि परदेशातून मिळणारे बहुतांश इमिग्रंट व्हिसा थांबले. नागरिकांच्या पती-पत्नींना आणि अल्पवयीन मुलांना त्यातून वगळले होते. ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना मात्र नव्हते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तो आदेश मागे घेतला गेला. जवळपास दहा महिने ‘एफ-२ए करंट’ असे बुलेटिनमध्ये छापून येत होते आणि व्हिसा मात्र मिळत नव्हता. दर्जातला फरक केवळ कागदी नसतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

लग्नाची तारीख कोणती धरायची?

मराठी घरांत लग्न आधी होते आणि नोंदणी नंतर, कधी कधी व्हिसाची गरज पडल्यावर. हिंदू विवाह कायद्यानुसार विधिपूर्वक लग्न लागले की विवाह झाला. नोंदणी हा त्याचा पुरावा असतो. अर्जात म्हणूनच विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख यांची गल्लत करून चालत नाही. ही तारीख तीन ठिकाणी निर्णायक ठरते.

एक, लग्न स्पॉन्सरला ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वी झाले असेल आणि ते कार्ड नोकरीच्या किंवा कौटुंबिक प्राधान्य श्रेणीतून मिळाले असेल, तर पत्नी ‘फॉलो टू जॉइन’ पद्धतीने, म्हणजे मूळ अर्जाच्याच आधारे येऊ शकते. तिला आय-१३० ची गरज पडत नाही. हे न तपासता नवी पिटिशन टाकून वर्षे घालवणारे लोक आहेत.

दोन, एखाद्याने ग्रीन कार्डधारक पालकाचा अविवाहित मुलगा म्हणून ग्रीन कार्ड घेतले असेल आणि प्रत्यक्षात त्यापूर्वीच त्याचे लग्न लागले असेल, तर प्रश्न पत्नीच्या पिटिशनपुरता राहत नाही. त्याचे स्वतःचे ग्रीन कार्डच धोक्यात येते. त्या श्रेणीत लग्न होताच पालकाची पिटिशन रद्द होते. अशा व्यक्तीने एन-४०० किंवा आय-१३० यांपैकी काहीही भरण्यापूर्वी वकिलाला सर्व तारखा दाखवणे गरजेचे आहे.

तीन, आधीच्या लग्नातून, म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदारामुळे ज्याला ग्रीन कार्ड मिळाले, त्याने घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले तर पहिली पाच वर्षे नव्या जोडीदाराची पिटिशन मंजूर होणे अवघड असते. पहिले लग्न खरे होते, हे भक्कम पुराव्याने सिद्ध करावे लागते. ही अट ग्रीन कार्डधारकांसाठी आहे, नागरिकांसाठी नाही. अशा प्रकरणात शपथेपर्यंत थांबण्याला ठोस कारण असते.

दोन वर्षांची अट आणि तीन वर्षांची सवलत

जोडीदाराला कायम निवासाचा दर्जा मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ‘आय-७५१’ अर्ज भरून अट काढून घ्यावी लागते. दोन वर्षे उलटून गेली असतील, तर थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते. केवळ हा एक अर्ज वाचवण्यासाठी पिटिशन लांबवण्यात अर्थ नाही. पण मुलाखत दुसऱ्या वाढदिवसाच्या तोंडावर आली असेल, तर व्हिसा मिळाल्यावर काही दिवसांनी प्रवास करून हा फायदा घेता येतो, कारण अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख मोजली जाते.

जोडीदाराला स्वतःला नागरिक व्हायचे असेल, तर नागरिकाशी विवाहित असणाऱ्यांना पाचऐवजी तीन वर्षांची अट आहे. मात्र त्या तीनही वर्षांत स्पॉन्सर नागरिक असला पाहिजे आणि दोघे एकत्र राहत असले पाहिजेत. स्पॉन्सरची शपथ लांबली, तर हे घड्याळही उशिरा सुरू होते.

शपथेनंतर भारतात येताना

भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. शपथेच्या दुसऱ्या दिवशी खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. तो जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यावे लागते. मग अमेरिकी पासपोर्ट, त्यानंतर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा, असा क्रम लागतो.

पत्नीला भेटायला, घरच्या कार्याला किंवा आजारी आईवडिलांकडे जाण्याचा बेत असेल, तर शपथेच्या आसपासचे काही आठवडे प्रवासाला अवघड असतात. शपथेआधी जाऊन येणे किंवा पुढचे तिकीट पुरेशा अंतराने काढणे सोयीचे. लग्नच अजून व्हायचे असेल आणि ते विशेष विवाह कायद्याखाली करायचे असेल, तर ३० दिवसांच्या नोटिशीचा काळही या वेळापत्रकात बसवावा लागतो.

कागद कोणते आणि कुठे अडते?

भारतातील इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखतींचे मुख्य केंद्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावास आहे. मुलाखतीपूर्वी ‘डीएस-२६०’ अर्ज, जन्म व विवाह प्रमाणपत्रे, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि स्पॉन्सरचे ‘आय-८६४’ हे आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र लागते. स्पॉन्सरचे उत्पन्न साधारणतः अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. कमी पडत असेल तर दुसरा सहस्पॉन्सर घेता येतो.

महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या राज्य कायद्याखाली होते. शहरात महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत हे काम होते. प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर यूएससीआयएसला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. खरी अडचण नावांची असते. लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असा प्रकार झाला तर अमेरिकी अधिकाऱ्याला ही एकच व्यक्ती असल्याचे पटवावे लागते. जुन्या जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसते, तेही आधी दुरुस्त करून घ्यावे लागते. ही कामे पिटिशन प्रलंबित असतानाच उरकली, तर शपथेनंतर वेग मिळतो.

एन-४०० आणि आय-१३० हे दोन्ही अर्ज एकाच यंत्रणेकडे जातात, हेही लक्षात ठेवण्यासारखे. लग्नाची तारीख, आधीची लग्ने, पत्ते, परदेश प्रवास या गोष्टी दोन्हींत जुळल्या पाहिजेत. एन-४०० भरल्यानंतर लग्न झाले असेल, तर नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते सांगून नोंद बदलून घ्यावी लागते.

निर्णय कसा घ्यावा?

सगळ्या नियमांचा अर्क चार प्रश्नांत येतो. जोडीदार कुठे आहे आणि कोणत्या व्हिसावर? शपथ किती दूर आहे? मुले आहेत का, आणि त्यांची वये काय? स्पॉन्सरचे ग्रीन कार्ड कशातून आणि लग्नाच्या आधी की नंतर मिळाले?

जोडीदार भारतात, शपथ सहा महिने किंवा अधिक दूर, आणि स्पॉन्सरच्या ग्रीन कार्डात गुंतागुंत नाही, अशी स्थिती असेल तर पिटिशन आत्ताच दाखल करणे, मुलांसाठी वेगळ्या पिटिशन जोडणे आणि शपथ होताच प्रमाणपत्र पाठवणे हा सरळ मार्ग आहे. शपथ हाकेच्या अंतरावर असेल, जोडीदाराला अजून विद्यार्थी वा पर्यटक व्हिसा हवा असेल, किंवा स्पॉन्सरचे ग्रीन कार्ड आधीच्या लग्नातून आले असेल, तर थांबण्याचा विचार रास्त ठरतो. दर्जा संपलेला, देशाबाहेर पडण्याचा विचार, जुना गुन्हा किंवा तारखांचा घोळ यांपैकी काही असेल, तर पहिले पाऊल अर्ज नसून परवानाधारक इमिग्रेशन वकिलाची भेट असावे. दाखल केलेली पिटिशन पुढे अपग्रेड होऊ शकते. पण न दाखल केलेल्या पिटिशनला मागची तारीख कोणीही देऊ शकत नाही.